काचेच्या पेटीतली भावकी

ठाणे जिल्ह्यात चिलापी कुणाला नवी नाही. स्वस्त मासळी. पाहुणे येणार असतील तर पापलेट, एरवी घरच्यांसाठी चिलापी, असा तिचा मान. पण अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात दिव्याखाली जे पिवळेजर्द आणि निळेशार मासे आपण नाक काचेला लावून बघतो, त्यातले कितीतरी या चिलापीचेच चुलत भाऊ आहेत. दोघांचं कूळ एकच, सिक्लिड.

हे कूळ अफाट आहे. नावं दिलेल्या जातीच १,७०० च्या आसपास आहेत. आफ्रिकेतली मोठी सरोवरं आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या नद्या ही त्यांची मुख्य घरं. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यातला गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर म्हणजे केरळचा राज्यमासा करीमीन. चिलापी मात्र परकी आहे. ती मूळची मोझांबिककडची, १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी भारतात आणली गेली आणि इथलीच होऊन बसली.

भिवंडीत माझ्या घरी चार फुटी टाकी आहे. ती बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: वेगवेगळ्या जातींचे सिक्लिड एकत्र राहतात का? राहतात. पण भांडणाशिवाय राहतील ही आशा सोडून द्यायची. सिक्लिडचं भांडण थांबवता येत नाही, फक्त वाटून देता येतं. टाकीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं आलं तर सगळे जगतात. सगळं एकाच्याच वाट्याला आलं तर तो आठवड्यात मरतो.

भांडण असतं जागेचं. नर एखादी कपार धरतो आणि तिच्याभोवतीचा तुकडा आपला समजतो. खेड्यात बांधावरून कोर्टात जाणारे बहुधा भावकीतलेच असतात, परगावच्या माणसाशी कोण बांधावरून भांडतो? सिक्लिडचंही तसंच. जो आपल्यासारखा दिसतो तोच आपलं खाणार आणि आपल्या माद्या पळवणार, म्हणून नर सगळ्यात जास्त चिडतो तो आपल्याच जातीच्या किंवा आपल्याच रंगाच्या नरावर. अंगावर उभे पट्टे असलेल्या निळ्या माशाला तसाच दुसरा मासा खपत नाही. शेजारून साधा पिवळा मासा गेला तर तो मानही वळवत नाही. म्हणून जाती निवडताना रंग आणि ठेवण एकमेकांपासून जितकी लांबची, तितकं बरं.

अर्थात त्याआधी सरोवर ठरवावं लागतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराची खोली सुमारे ७०० मीटर आणि टांगानिकाची १,४७० मीटर. आपलं कळसूबाई टांगानिकाच्या तळाशी उभं केलं तर जेमतेम पावणेदोनशे मीटर शिखर पाण्यावर राहील. दोन्हींचं पाणी अल्कधर्मी, मलावीचा सामू साधारण ७.८ ते ८.६, टांगानिकाचा त्याहून थोडा वर. उलट दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले डिस्कस, एंजल आणि रॅम हे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. तेही सिक्लिडच, पण त्यांना मलावीच्या माशांबरोबर ठेवणं म्हणजे दोघांपैकी एकाला रोज चुकीच्या पाण्यात कोंडणं. ऑस्कर खूप मोठा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. फ्लॉवरहॉर्न तर कुठल्याच नदीतला नाही, तो १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तयार केलेला मासा. वास्तूसाठी म्हणून त्याला घरी आणणाऱ्यांनी त्याची टाकी वेगळीच ठेवावी. त्याला सोबत सोसत नाही.

मलावी ठरवलं तरी निवड संपत नाही, कारण त्या सरोवरातही दोन बिऱ्हाडं आहेत. एक म्हणजे खडकांत राहणारे म्बुना. हा तिथल्या टोंगा भाषेतला शब्द आहे. हे मासे दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. दुसरे मोकळ्या पाण्यातले आणि रेतीवरचे: पीकॉक, इलेक्ट्रिक ब्लू, व्हीनस्टस. हे किडे आणि छोटे मासे खातात. म्बुना चपळ आणि भांडखोर, पीकॉक त्या मानाने शांत. दोघांना एकत्र केलं की पीकॉकचा रंग उतरतो आणि तो कोपऱ्यात उभा राहतो. त्याहून मोठी अडचण खाण्याची. म्बुनाचं आतडं शेवाळ पचवण्यासाठी लांबलचक असतं. पीकॉकसाठी टाकलेलं मांसाहारी खाणं त्यांनी रोज खाल्लं तर पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि बहुतेकदा वाचत नाही. म्हणून म्बुनांना स्पिरुलिनाचं खाणं, अधूनमधून उकडलेला पालक किंवा सोललेला मटार. दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मी टाकीत कधीच घालत नाही. ते गटाराच्या पाण्यात वाढतात आणि रोग घेऊन येतात.

हे सगळं मी आधी शिकून मग मासे आणले असते तर किती बरं झालं असतं. माझी पहिली खरेदी होती ‘मिक्स आफ्रिकन’ नावाची पिशवी, बोटभर लांबीची डझनभर पिल्लं. त्यात पिवळ्यावर काळे पट्टे असलेलं एक देखणं पिल्लू होतं, ऑराटस. घरात ते सगळ्यांचं लाडकं. काही महिन्यांत त्याचा पिवळा रंग जाऊन ते गडद काळपट झालं, म्हणजे तो नर निघाला, आणि मग त्याने टाकीचा अर्धा भाग आपला केला. सकाळी उठून मी फिल्टरच्या मागे लपलेले, शेपट्या कुरतडलेले मासे मोजायचो. डझनातले चार उरले. म्बुनांमध्ये ऑराटस अतिशय आक्रमक समजला जातो, हे मला नंतर कळलं. केनी नावाचा मासा याच्या उलट फसवतो. पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मोठा होता होता पिवळा होतो. पिल्लाचा रंग बघून मासा निवडू नये, जातीचं नाव विचारून निवडावा, आणि नाव सांगता येत नसेल तर घेऊ नये.

आता माझ्या टाकीत तीन जाती आहेत: इलेक्ट्रिक यलो, रस्टी आणि असेई. पिवळा, तांबूस जांभळा आणि पिवळ्या शेपटीचा निळा. तिघेही म्बुनांमधले त्यातल्या त्यात सोशिक. प्रत्येक जातीचा एक नर आणि चार माद्या, असे पंधरा. एकच मादी असेल तर नर तिच्या मागे लागून तिला दमवून मारतो. चार असल्या की प्रत्येकीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. डेमासोनीसारखी जात हवी असेल तर डझनभर तरी घ्यावेत, नाहीतर एकही घेऊ नये. तीन-चारच असले की ते एकमेकांना संपवतात. डझनात राग कुणा एकावर टिकत नाही.

टाकीची उंची दिसायला छान, पण माशाला हवी लांबी आणि तळ. चार बाय दीड बाय दीड म्हणजे ९ घनफूट, सुमारे २५५ लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन पाव टनावर जातं, तेव्हा स्टँड लोखंडी हवा आणि तो भिंतीच्या कडेला, तुळईजवळ ठेवावा. खाली थर्माकोलची शीट घालतात ती तळाच्या काचेवर भार सारखा पडावा म्हणून. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असलेल्यांनी ती मुळीच विसरू नये. दिवसरात्र चालणाऱ्या मागाचा हादरा जमिनीतून स्टँडला लागतो, आणि माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली बारीक थरथरही कळते.

टाकीत कपारी रचायला आपला काळा दगड उत्तम. तो पाण्यात विरघळत नाही. दगड आधी तळाशी पक्का बसवायचा आणि मग रेती घालायची. उलट केलं तर मासे दगडाखालची रेती उकरतात आणि एके रात्री दगड कलंडून काच फुटते. कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात. नवीन मासा आणला की मी दिवा बंद करतो आणि आधी दोन-चार दगडांची जागा बदलतो. जुन्यांचे बांध मोडले की सगळेच नव्याने जागा शोधू लागतात, त्या गडबडीत नवा मासा खपून जातो.

पाण्याचं म्हणाल तर पश्चिम घाटाच्या पावसावर भरणाऱ्या नद्यांचं आपलं नळाचं पाणी तसं मऊच, बोअरवेलचं त्याहून जड. दुकानदार मलावीच्या माशांसाठी पोतंभर मीठ सुचवतात, त्याची गरज नाही. रेतीत शिंपल्यांचा चुरा मिसळला की सामू हळूहळू वर येतो आणि टिकतो. आकड्यापेक्षा तो रोज सारखा राहणं महत्त्वाचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटी-क्लोरीन. दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदलावं. नवीन टाकीत विष्ठेपासून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि सामू जास्त असलेल्या पाण्यात हाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडणाऱ्यांचे सिक्लिड याच कारणाने मरतात. गर्दीच्या टाकीत प्राणवायू झपाट्याने संपतो, म्हणून वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच. मे महिन्यात तर नक्की, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो.

इतकी उस्तवार करायची ती कशासाठी? एकदा मादीचा गळा फुगलेला दिसला की उत्तर मिळतं. मलावीची मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. ती त्यांनाही टिपायला जाते आणि त्याच वेळी अंडी फळतात. मग साधारण तीन आठवडे ती जवळजवळ उपाशी राहते. एके सकाळी तोंडातून इवली पिल्लं बाहेर पडतात आणि जरा खट्ट झालं की परत आत शिरतात. आपली चिलापीही हेच करते. मासे साफ करताना तिच्या तोंडात पिल्लं सापडलेली अनेकांनी पाहिली असतील. एकच काळजी घ्यायची. मिश्र टाकीत जन्मलेली पिल्लं संकरित असू शकतात. ती शुद्ध जातीची म्हणून कुणाला देऊ नयेत.

आणि पिल्लं वाढली की दुसरा प्रश्न उभा राहतो: यांचं करायचं काय? तलावात सोडण्याचा मोह होतो. चिलापी अशीच माणसाच्या हाताने आली. आज उजनी धरणात जाळ्यात तीच भरते. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि तिथल्या शेकडो सिक्लिड जाती पुढच्या काही दशकांत दिसेनाशा झाल्या. म्हणून भिवंडीकरांना एवढंच सांगणं: टाकी नकोशी झाली तर मासे दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण वऱ्हाळा तलावात किंवा कामवारी नदीत एकही सोडू नका.