कर नाही, तरी कात्री का?

लाभांश म्हटलं की आपल्या भागात आधी पतसंस्थेची वार्षिक सभा आठवते. खुर्च्या मांडलेल्या, चहा-चिवडा, आणि अध्यक्षांनी माईकवर जाहीर केलेला टक्का. पण कंपन्यांच्या शेअर्सवरचा लाभांशही आता लहान गावांतल्या घरांत येतो. आमच्या विष्णुपुरीचंच घ्या ना. इथं विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्यामुळे नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. कुणी पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं चार शेअर घेतलेले, कुणाला वडिलांकडून आलेले. नवरा गेला की ते कागद बायकोच्या नावावर होतात, आणि कागदांसोबत हिशेबही तिच्याच पदरात येतो.

निराधार योजनेचे, पेन्शनचे अर्ज भरून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. त्यामुळे बायका इतरही कागद घेऊन येतात. अशाच एक काकू, वय अडुसष्ट. फॅमिली पेन्शन आणि बँकेचं थोडं व्याज, एवढ्यावर घर चालतं. एका कंपनीचा 14 हजार रुपये लाभांश यायचा होता, खात्यावर आले 12 हजार 600. काकूंनी विचारलं, "माझ्यावर कर बसतच नाही म्हणतेस, मग चौदाशे रुपये कापले कशाला ग?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी थोडं मागं जावं लागतं.

1997 साली सरकारनं लाभांशावरचा कर कंपनीकडूनच घ्यायला सुरुवात केली. मधलं एक वर्ष सोडलं तर ही पद्धत 2020 पर्यंत चालली. आपल्या हातात पैसे यायचे ते करमुक्त. ऐकायला छान, पण त्यात एक मेख होती. शेवटी शेवटी कंपनीला वाटलेल्या दर 100 रुपयांमागे साधारण साडेवीस रुपये कर भरावा लागायचा. हा भार श्रीमंतावर आणि गरिबावर सारखाच. 2016 पासून वर्षाला 10 लाखांवर लाभांश घेणाऱ्यांवर जादा कर बसला खरा, पण ज्या विधवेचं उत्पन्न कराच्या रेषेखाली, तिच्यासाठी काहीच सवलत नव्हती. तिच्या वाट्यातून कर आधीच गेलेला, तिला पत्ताही नाही.

1 एप्रिल 2020 पासून हे बदललं. आता ज्याच्या हाती लाभांश येतो त्यानं आपापल्या उत्पन्नाप्रमाणे कर भरायचा. जास्त कमावतो त्याला जास्त, ज्याला कर बसत नाही त्याला शून्य. माझ्या मते हा बदल न्यायाचाच आहे. मोठ्या भागधारकांना तो जड गेला, पण आपल्या काकूंसारख्यांच्या तो बाजूचा होता.

मग अडलं कुठं? अडलं ते टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कर कापून घेण्यात. एका कंपनीकडून वर्षात ठरावीक रकमेवर लाभांश झाला की 10 टक्के कापतात. ही मर्यादा आधी 5 हजार होती, 1 एप्रिल 2025 पासून 10 हजार झाली. त्याच दिवशी ज्येष्ठ नागरिकांच्या बँक व्याजासाठीची मर्यादा 50 हजारांवरून 1 लाखावर गेली. आता तुम्हीच बघा. एखाद्या आजीला बँकेत 90 हजार व्याज मिळालं तर रुपयाही कापला जात नाही. तिच्या शेजारणीला एका कंपनीकडून 12 हजार लाभांश मिळाला तर बाराशे कापले जातात. वय तेच, गरज तीच. व्याजासाठी वय बघितलं जातं, लाभांशासाठी पंचविशीतला तरुण आणि पंचाहत्तरीतली आजी एकाच तागडीत!

कापलेले पैसे परत मिळतात, हे खरं. पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, आणि जिच्यावर करच नाही तिनं ते भरायचं केवळ स्वतःचे पैसे सोडवायला. त्यात मोबाइलवर ओटीपी, बँक खात्याची पडताळणी, भरून देणाऱ्याची फी. चौदाशे रुपयांतले पाचशे तिथंच गेले तर हाती काय राहिलं? पुष्कळ जणी "जाऊ दे बाई" म्हणून सोडून देतात. नियमानं माफ असलेला कर अशा रीतीनं कंटाळ्यापोटी भरला जातो.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात कंपनीनं नफ्यावर भरलेल्या कराचं श्रेय भागधारकाला मिळतं, आणि ज्याला कर लागत नाही त्याला 2000 सालापासून ते रोख परत मिळतं. 2019 च्या निवडणुकीत तिथल्या मजूर पक्षानं ही रोख परतफेड बहुतेकांसाठी थांबवू असं सांगितलं. त्याचा फायदा मुख्यतः सधन लोक घेतात, असा त्यांचा मुद्दा होता, आणि सरकारी पेन्शनवरच्या वृद्धांना ते वगळणारही होते. तरी निवृत्त लोक खवळले. पक्ष हरला, आणि हरण्याच्या कारणांत हेही एक मोजलं गेलं. आपल्याकडे असं श्रेय मिळतच नाही. कंपनी नफ्यावर कर भरते, उरलेल्यातून लाभांश येतो. एवढं झाल्यावर निदान करमुक्त बाईचे पैसे तरी पूर्ण हाती यावेत, ही काही मोठी मागणी नव्हे.

कुणी म्हणेल, टीडीएस नसेल तर लोक कर बुडवतील. पण लाभांशाची नोंद पॅनवर होतेच, आणि ती आयकर खात्याला दिसते. शिवाय मर्यादा वाढवली म्हणजे कर माफ केला असं होत नाही. ज्याला कर लागू आहे त्यानं तो भरायचाच आहे. म्हणून मला वाटतं, ज्येष्ठांच्या व्याजाला जी 1 लाखाची मर्यादा आहे, तीच लाभांशालाही लावावी. आपल्या खासदारांकडे हे मागायला ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं यांना काय हरकत आहे? एक ठराव, चार सह्या, एवढंच तर काम.

तोपर्यंत मैत्रिणींनो, एवढं करा. पॅन आधारला जोडलेलं आहे ना, ते तपासा, नाहीतर 10 ऐवजी 20 टक्के कापतात. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर तसा फॉर्म दरवर्षी लाभांश येण्याआधी द्या. साठीच्या पुढे 15 एच आणि साठीच्या आत 15 जी, अशी त्याची जुनी ओळख. नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे, त्यामुळे नंबरावर न अडता "कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म" असं म्हणून विचारा. बँकेत दिलेला फॉर्म कंपनीला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नका, त्याला शिक्षा आहे. आणि कापलेच पैसे, तर मुलाला, सुनेला, नातवाला शेजारी बसवून रिटर्न भराच.

रक्कम लहान आहे म्हणून सोडायची नाही. भाजीवाल्याकडून आपण दोन रुपयेसुद्धा मोजून परत घेतो, मग हे तर आपल्या म्हातारपणाचे पैसे.