एका पडद्याने दुसऱ्याला झाकोळू नये

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्यात कुणी शाळेच्या वर्गात लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला, की संगणकाच्या लेखी तो दुसरा मॉनिटरच असतो. भिंतीवर मुलांना भातशेतीचा व्हिडिओ दिसावा आणि बाईंसमोर त्यांचं टिपण राहावं, एवढीच माफक अपेक्षा. पण बहुतेकदा दोन्हीकडे एकच चित्र उमटतं आणि वर्ग हसतो.

विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबली की पर्याय दिसतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन पडद्यांचं मिळून एक मोठं मेज. आपल्याला हवं ते दुसरं. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची खिडकी माउसने भिंतीकडे ओढायची आणि एफ दाबायचं. फुल स्क्रीन साधारणपणे ज्या पडद्यावर खिडकी असते तिथेच पसरते. क्रम चुकला की व्हिडिओ बाईंच्याच टिपणावर येऊन बसतो.

हे कोडं थोरामोठ्यांनाही सुटलं नव्हतं. विंडोजला एकाहून जास्त मॉनिटर 1998 पासून चालतात. ॲपलने मात्र 2011 मध्ये मॅक संगणकांसाठी ‘लायन’ ही प्रणाली आणली, तेव्हा एका पडद्यावर ॲप फुल स्क्रीन केलं की दुसऱ्यावर नुसता करडा कापडी पोत उरायचा. हजारोंचा मॉनिटर आणि त्यावर अभ्रा! 2013 च्या ‘मॅव्हरिक्स’ या आवृत्तीत प्रत्येक पडद्याला स्वतंत्र संसार मिळाला.

पॉवरपॉइंटमध्ये तर ‘प्रेझेंटर व्ह्यू’ आहेच: भिंतीवर फक्त स्लाइड, लॅपटॉपवर टिपणं, घड्याळ आणि पुढची स्लाइड.