वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर : भूक कशी सांभाळावी, व्यायाम कसा करावा



या पानावर आपण एरवी हुमणी, खोडवा, ठिबक असले विषय वाचता. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तोही आपल्याच घरातला आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरापुरती राहिलेली नाही. आपल्या गटातली माणसेही ती करून घेतात. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत होते, दवाखान्यातून चार दिवसांत सुटका होते, आणि खरे काम त्यानंतर घरी सुरू होते. ते काम रोग्याचे आहे, तसेच घरच्यांचेही आहे.

आमच्या ओळखीच्या एका सभासदांच्या मंडळींची बायपास शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनी पाहुणे भेटायला आले. “अगं, काहीच खात नाहीस, अंगात ताकद कुठून येणार?” म्हणून आग्रहाने त्यांना चार चमचे गोड शिरा खायला लावला. पाव तासात त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली आणि त्या आडव्या झाल्या. घरचे घाबरले. कोणाची काही बाहेरची बाधा नव्हती की विषबाधा नव्हती. आग्रह तेवढा नडला. हे असे का झाले, ते नीट समजून घेऊ.

शस्त्रक्रियेत होते काय?

दोन प्रकार जास्त चालतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात व ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. मेसन व डॉ. इतो यांनी सुरू केली.

पण जागा कमी झाली एवढीच गोष्ट नाही. भूक हा पोटाने मेंदूला धाडलेला निरोप असतो. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा या संशोधकांनी जठरातून निघणारे ‘घ्रेलिन’ नावाचे द्रव्य शोधले. हे द्रव्य वाढले की भूक लागते. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचल्याने ‘पोट भरले’ असे सांगणारी दुसरी द्रव्ये वाढतात. म्हणून पहिले काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही.

हा काळ म्हणजे उधारीवर मिळालेली सवलत समजा. वजन मुख्यतः पहिल्या वर्ष-दीड वर्षात उतरते, आणि पुढे भूक हळूहळू परत येते. ती आली म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे. सवलतीच्या काळात ज्याने सवयी बसवल्या, त्याला ती आवरते. लागण डॉक्टरांनी करून दिली, खोडवा आपण राखायचा आहे.

पोटाची भूक आणि डोक्याची भूक

पोटाची भूक हळूहळू वाढते, आणि भाकरी-आमटी असो की उकडलेले अंडे, कशानेही भागते. डोक्याची भूक एकदम येते व तिला भजीच हवी असतात, नाहीतर चिवडाच हवा असतो. कंटाळा, चिंता, रात्रीचे जागरण, टीव्हीसमोरची बैठक यांतून ती उगवते. अशी भूक लागली की आधी चार घोट पाणी प्यावे, उठून पंधरा मिनिटे काहीतरी काम करावे. तरीही पोट मागतच असेल तर ती खरी भूक आहे, मग खावे.

जेवणाचे नियम थोडे आहेत, पण पाळायला चिकाटी लागते :

१) पहिले सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. ही पायरी आपल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच चढावी, घाई करू नये.

२) ताटात आधी प्रथिने. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम मिळतात. घट्ट डाळ, मटकी, दही, मासे, कोंबडी आधी खावे. भात-भाकरी शेवटी, जागा उरली तर. प्रथिनांनी भूक जास्त वेळ शांत राहते आणि अंगातले स्नायू टिकतात.

३) घास लहान, चावणे भरपूर, जेवण वीस ते तीस मिनिटांचे. गव्हाणीत ऊस एकदम ढकलला तर मिल तुंबते, तसेच हे आहे. पोट भरल्याची खूण मिळाली की पानात दोन घास उरले तरी थांबावे. ‘खाऊन माजावे, टाकून माजू नये’ ही शिकवण आपल्या हाडात मुरलेली आहे. तेव्हा वाढतानाच कमी वाढून घ्यावे.

४) पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, पण ठिबकसारखे, घोट घोट. पाटाने सोडल्यासारखे एकदम नको. जेवताना पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावे.

५) गोडाचे पथ्य. साखर पिकवणाऱ्यांच्या पत्रिकेत हे लिहिताना आम्हांला संकोच वाटत नाही, कारण खरे ते सांगितले पाहिजे. बायपासनंतर गोड पदार्थ पिशवीतून झपाट्याने आतड्यात उतरतो. तिथे तो शरीरातले पाणी ओढून घेतो, आणि घाम, धडधड, कळ, जुलाब होतात. याला ‘डंपिंग’ म्हणतात. कधी दोन-तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून चक्कर येते. ताज्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते. गुळाचा चहाही साखरेच्याच हिशेबात धरावा. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, पण पातळ गोड पदार्थ नळीतून सहज सरकतो व वजन तिथूनच परत चढते.

उपवासाबद्दलही दोन शब्द. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट भरपूर, प्रथिने फार थोडी. पहिल्या वर्षी उपवास डॉक्टरांना विचारूनच धरावा.

व्यायाम : कधी, किती, कोणता?

चालणे शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच सुरू होते. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत यासाठी ते लागते. घरी आल्यावर पाच-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा अंगणात फिरावे व दर आठवड्याला थोडे वाढवावे.

मात्र पहिले सुमारे सहा आठवडे पाच किलोच्या वर ओझे उचलायचे नाही. भरलेली घागर, पेंडीचे पोते, वैरणीचा भारा, पाठीवरचा फवारणी पंप, सगळे बंद. आतले टाके अजून कच्चे असतात व हर्निया होऊ शकतो. “एवढ्याने काय होतंय” असे म्हणू नये. घरात कामाला दुसरे हात नसतील तर शस्त्रक्रियेची तारीखच लागण-तोडणीच्या धांदलीत घेऊ नये.

पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. कोणी म्हणेल, “आम्ही शेतकरी, आम्हांला व्यायाम कशाला?” पण खरे सांगा, रानात आपण मोटारसायकलवर जातो, पंप मोबाईलवर चालू करतो. पूर्वीची पायपीट आता कुठे राहिली? बांधावरून धाप लागेपर्यंत नव्हे, पण बोलता येईल आणि गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, लिटरभर पाण्याच्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात होते.

एक हिशेब ध्यानात ठेवा. अर्धा तास भरभर चालून साधारण दीडशे कॅलरी जातात, आणि एक मोठा बेसन लाडू तेवढ्या भरून देतो. “आज चाललो, म्हणून आज खातो” हा व्यवहार तोट्याचा आहे. व्यायाम करायचा तो स्नायू, हाडे, मन आणि उतरलेले वजन टिकवण्यासाठी.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. शस्त्रक्रियेनंतर औषधाची गरज झपाट्याने कमी होते. जुन्याच मात्रेत गोळ्या-इन्सुलिन चालू ठेवून चालायला गेल्यास साखर उतरून चक्कर येऊ शकते. मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

हे विसरू नका

बी-१२, लोह, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी. दोन्हींनी जोडाच्या जागी व्रण होतो. दारू चटकन चढते, ती नकोच. बायकांनी दीड वर्ष तरी गर्भधारणा टाळावी. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, ते बहुधा परत येतात.

ताप, छातीची सतत धडधड, पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेली उलटी, काळी शी, पोटरीला सूज किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटी घरच्यांना एक विनंती. आग्रह हे आपल्याकडे प्रेमाचे लक्षण आहे, आणि ते सोडा असे कोण म्हणेल? पण अशा माणसाला वाढण्याऐवजी संध्याकाळी त्याच्याबरोबर अर्धा तास चाला. वर सांगितलेल्या वहिनींचे यजमान आता रोज कॅनॉलपर्यंत सोबत जातात. घरात शिरा अजूनही होतो, पण वहिनींच्या ताटात पाहुणे तो वाढत नाहीत.