गावानं राखलेला मठ

कोंक, दक्षिण फ्रान्स

फ्रान्सनं 1905 साली कायदा करून धर्म आणि सरकार यांची फारकत केली. त्याआधी बांधलेली गावोगावची चर्चेस तेव्हापासून स्थानिक पालिकांच्या मालकीची आहेत. धर्मगुरूंना ती वापरायला मिळतात, इतकंच. सरकारी शाळेत विद्यार्थ्यांना ठळक धर्मचिन्ह घालून जायलाही मनाई आहे. अशा देशात हजार वर्षांची यात्रा कशी टिकली, हे समजून घ्यायचं तर अवेरों जिल्ह्यातल्या कोंकला यावं.

डोंगरउतारावरचं हे लहानसं गाव. दगडी पाट्यांची छपरं, लाकडी चौकटींची घरं आणि मधोमध गावाच्या मानानं अवाढव्य असं अकराव्या-बाराव्या शतकातलं मठाचं चर्च. स्पेनमधल्या सांतियागोला, संत याकोबाच्या समाधीकडे पायी निघालेले यात्रेकरू ल प्युईहून सुमारे 200 किलोमीटर चालून इथे पोचतात. पाठपिशवीला शिंपला बांधलेला, खिशात मुक्कामोमुक्कामी शिक्के घेतलेली पुस्तिका. आपल्या वारीसारखी ठरलेली तिथी नाही, दिंडी नाही. जो तो सवडीनं निघतो. पुष्कळ जण आठवडाभर चालतात आणि उरलेली वाट पुढच्या वर्षी धरतात.

कोंकला मोठेपण आलं ते सांत फ्वामुळे. आजां गावची ही कोवळी मुलगी 303 साली रोमन छळात मारली गेली, असं परंपरा सांगते. नवव्या शतकात कोंकच्या एका भिक्षूनं तिच्या अस्थी आजांहून चक्क चोरून आणल्या. त्यासाठी तो तिथे दहा वर्षं विश्वास संपादन करत राहिला, ही कथा मठानं लपवली नाही, उलट मिरवली. संताची इच्छा नसेल तर अस्थी जागच्या हलत नाहीत, अशी त्या काळची श्रद्धा होती.

अस्थींसाठी घडवलेली मूर्ती आजही मठाच्या खजिन्यात आहे. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा, त्यावर भक्तांनी वाहिलेली रत्नं. चेहरा मात्र मुलीचा नाहीच. तो उत्तर-रोमन काळातल्या कुठल्याशा जुन्या पुतळ्याचा. 1013च्या सुमारास आंजेचा विद्वान बेर्नार इथे आला, तेव्हा त्यानं ही मूर्तिपूजा म्हणून हिणवली. पुढे त्यानंच सांत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहायला घेतला. तिच्या कृपेनं सुटलेले कैदी आपल्या बेड्या आणून वाहत.

त्या बेड्या पश्चिम दरवाजावरच्या शिल्पातही लटकताना दिसतात. विषय अंतिम न्यायाचा, आकृती 124. सांत फ्वा ओणवी होऊन प्रार्थना करते आहे आणि ढगातून आलेला देवाचा हात तिच्यापाशी पोचला आहे. नरकाच्या बाजूला कंजूस माणूस गळ्यात पैशाच्या थैलीसह फासावर. सर्वात वरच्या कमानीवर चिमुकले चेहरे कडेवर बोटं टेकून डोकावून पाहतात. मला न्यायाधीशापेक्षा तेच जास्त जवळचे वाटतात.

राज्यक्रांतीत मठांची मालमत्ता जप्त होऊ लागली, तेव्हा कोंकच्या गावकऱ्यांनी सोनं आपसांत वाटून घेऊन घरादारांत दडवलं. धामधूम ओसरल्यावर ते परत आलं. गरीब डोंगरी मुलखातल्या माणसांची ही सचोटी मला कुठल्याही चमत्कारापेक्षा थोर वाटते. इमारत मात्र खचत चालली होती. 1837 साली लेखक प्रॉस्पेर मेरिमे सरकारचे वास्तुनिरीक्षक म्हणून आले आणि त्यांच्या अहवालानंतर तिच्या जतनाला चालना मिळाली. 1873 साली प्रेमॉन्त्रे पंथाचे भिक्षू आले. ते अजून इथे आहेत.

पुढे याच निधर्मी सरकारनं चर्चच्या 104 खिडक्यांचं काम पिएर सुलाज यांना दिलं. शेजारच्या रोदेझमध्ये जन्मलेले, काळ्या रंगाचे म्हणून जगभर गाजलेले हे चित्रकार. त्यांनी रंगच वापरला नाही. बाहेरचं काही दिसू न देणारी, पण उजेड आत घेणारी काच त्यांनी खास तयार करवून घेतली. 1994पासून दिवसभराच्या उन्हाप्रमाणे भिंतींवरचा उजेड कधी निळसर, कधी उबदार होत जातो. सुरुवातीला त्यावर टीकाही झाली. मला हे काम पूर्णपणे पटलं.

कुणी येणार असेल तर एक रात्र राहावंच. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर भिक्षू यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, मग त्यांच्यातला एक जण दारासमोर उभा राहून शिल्पाचा अर्थ सांगतो. श्रद्धाळू, नास्तिक, फक्त चालण्यासाठी आलेले, सगळेच ऐकायला थांबतात. सकाळी पुलावरून दूर्दू नदी ओलांडली की समोर लगेच खडी चढण लागते, तेव्हा रात्री जेवण नीट करावं.