मुलाखतीच्या दारापर्यंत : व्यवस्थापन-संस्थांची प्राथमिक निवड

व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्था आपले विद्यार्थी मुलाखतीने निवडतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मुलाखतीने निवड होते ती मुलाखतीला बोलावलेल्यांची. अर्जदारांचा फार मोठा भाग त्यापूर्वीच, कोणाही परीक्षकाची गाठ न पडता, केवळ गणिताने वगळला गेलेला असतो. शिरपूरसारख्या गावातून पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याचे भवितव्य बहुधा या पहिल्या टप्प्यावरच ठरते. म्हणून त्या टप्प्याची घडण पाहणे अगत्याचे आहे.

भारतीय व्यवस्थापन संस्थांसाठी घेतली जाणारी सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजेच ‘कॅट’, २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी दिली. तिचा निकाल शततमकांत सांगितला जातो. शततमक म्हणजे शेकडा गुण नव्हेत. ज्याचे शततमक ९९ आहे, त्याच्या वर शंभरात एकच उमेदवार असतो. तथापि उपरोक्त संख्येत हा ‘एक’ म्हणजे जवळजवळ २,९०० माणसे होतात. संस्था जे किमान शततमक जाहीर करतात ते केवळ पात्रतेचे असते. प्रत्यक्ष बोलावणे येते ते त्याहून बरेच वर, आणि ही दुसरी रेषा अर्जदारांच्या गर्दीवर ठरते.

शिवाय परीक्षा एकटी निर्णय करीत नाही. अहमदाबादच्या संस्थेने अलीकडच्या वर्षांत प्रसिद्ध केलेल्या धोरणांत मुलाखतीची यादी करताना कॅटला ६५ टक्के आणि अर्जाच्या मूल्यांकनाला ३५ टक्के भार दिलेला आढळतो. या मूल्यांकनात दहावी, बारावी व पदवी यांचे गुण, नोकरीचा अनुभव आणि स्त्री-उमेदवारांसाठी काही अधिक गुण यांचा समावेश होतो. गुणांचे रूपांतर पायऱ्यांनी केले जाते. दहावीला ७० च्या वर व ८० पर्यंत टक्के असल्यास ५, ८० च्या वर ९० पर्यंत ८, आणि ९० च्या वर १०. म्हणजे ७९ व ८१ टक्के मिळवणाऱ्या दोन मुलांतील अंतर तक्त्यात ५ व ८ असे होऊन बसते, तर ८१ व ८९ यांत अंतरच उरत नाही. हे गुण वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मिळालेले असतात. पुढे कितीही अभ्यास केला तरी ते बदलत नाहीत. पदवीच्या विद्याशाखांचे गट पाडून प्रत्येक गटातील अग्रेसरांना वेगळे बोलावण्याची तरतूद मात्र कला व वाणिज्य शाखांना उपकारक आहे, हे नमूद केले पाहिजे.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. शिरपूर तालुक्याच्या खेड्यांतून अहिराणी बोलली जाते, गुजर घरांतून गुजरी, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिली. ग्रियर्सनने १९०७ साली भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिली भाषांबरोबर खानदेशीची स्वतंत्र नोंद केली होती. अशा घरातील मुलाची मराठी ही शाळेत मिळालेली दुसरी भाषा, आणि इंग्रजी तिसरी. कॅटच्या २०२४ च्या स्वरूपात ६८ प्रश्नांपैकी २४ प्रश्न इंग्रजी वाचनाचे व भाषाक्षमतेचे होते, त्यांतील १६ चार उताऱ्यांवर, आणि वेळ ४० मिनिटे. एवढ्या वेळात जे मोजले जाते त्यात आकलन किती आणि लहानपणापासूनच्या इंग्रजी वाचनाचा सराव किती, हे वेगळे काढता येत नाही. अध्यापन इंग्रजीत होते, तेव्हा इंग्रजीची अपेक्षा गैर नाही. परंतु बहुतेक संस्था प्रत्येक विभागात स्वतंत्र किमान शततमक मागतात; त्यामुळे गणितातील प्रावीण्य भाषेतील उणीव भरून काढू शकत नाही. जो विद्यार्थी प्रत्यक्ष बोलताना आपला मुद्दा नीट मांडू शकला असता, त्याचे बोलणे ऐकण्याचा प्रसंगच येत नाही.

आरक्षणाने या चाळणीची एक बाजू सैल केली आहे. अनुसूचित जमातींसाठी केंद्रीय संस्थांत ७.५ टक्के जागा असून त्यांची यादी वेगळी व किमान शततमक कमी असते. पावरा व भिल्ल विद्यार्थ्यांना त्याचा लाभ मिळतो. मात्र उमेदवाराची मातृभाषा कोणती, याचा हिशेब या मूल्यांकनात कोठेही नाही.

१९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने तेथील प्रसंगाभ्यासाची अध्यापनपद्धती स्वीकारली. अर्ज वाचण्याची तेथील रीत मात्र इकडे आली नाही. हार्वर्डमध्ये निबंध, शिफारसपत्रे व परीक्षेचे गुण एकत्र वाचून मगच मुलाखतीचे निमंत्रण जाते, आणि मुलाखत घेणाराने तो अर्ज वाचलेला असतो. आपल्याकडील लाखांच्या संख्येपुढे ते शक्य झाले असते असे वाटत नाही.

शिरपूरजवळ तापीकाठी ज्या नरसी मोनजी संस्थेचे संकुल उभे आहे, तिच्या मुंबईतील व्यवस्थापन-अभ्यासक्रमाची वाट थोडी वेगळी आहे. तिची ‘एनमॅट’ परीक्षा २०१५ साली अमेरिकेतील एका परीक्षामंडळाकडे गेली. ती एका हंगामात तीनदा देता येते. एका वाईट दिवसाने वर्ष बुडत नाही, पण प्रत्येक प्रयत्नाचे शुल्क भरावे लागते.

राज्याच्या सामायिक परीक्षेत तर मुलाखतच नाही. २०० प्रश्नांपैकी ५० भाषेचे, विभागवार किमान अट नाही, चुकीच्या उत्तराला गुणांची वजावट नाही, आणि केंद्रीय प्रवेशफेरीत गुणानुक्रमाने जागा मिळते. १९६५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतही राज्यातील विद्यार्थी याच वाटेने जातात. इंग्रजी उताऱ्यांवर अडणारा खानदेशातील विद्यार्थी या वाटेने अधिक दूर पोहोचू शकतो. फरक इतकाच की येथे पहिली चाळणी हीच शेवटची असते, आणि प्रवेश मिळेपर्यंत त्याला कोणी एकही प्रश्न तोंडी विचारलेला नसतो.