दोर किती वजन पेलतो?

मोट चालताना पाहिली आहे का तुम्ही? बहुधा नसेल. आमच्या नेरच्या बाजूला विहिरींवर विजेचे पंप बसले आणि मोटा गेल्या. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: बैल ज्या वाटेवरून चालत, ती धाव विहिरीपासून दूर जाताना उतरती का केलेली असे? सपाट का नव्हती?

कारण असे. पाण्याने भरलेली मोट वर यायची असते तेव्हा बैल उताराने खाली चालतात. म्हणजे केवळ त्यांची ताकद नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या वजनाचा काही भागही नाडा ओढायला उपयोगी पडतो. मोट रिकामी झाली, की बैल चढ चढून मागे येतात. त्या वेळी मोटेला वजनच नसते. एक खाली तर दुसरे वर, हा हिशेब आपल्या शेतकऱ्याने कोणतेही पुस्तक न वाचता साधला होता. डोंगर चढवणाऱ्या बहुतेक सगळ्या लिफ्ट याच हिशेबावर चालतात. तो नीट कळला, की कोणत्या लिफ्टमध्ये बसायचे, कोणत्या लिफ्टवर मुळीच बसायचे नाही, हेही आपोआप कळते.

रायगडापासून सुरुवात करू. गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा तुम्हांला माहीत आहेच. त्याच वाडीतून १९९६ सालापासून रज्जुमार्ग गडावर जातो. मार्गाची लांबी सुमारे ७५० मीटर आणि चढ ४०० मीटरच्या वर. पायऱ्यांनी जायला दीड-दोन तास लागतात. पाळण्याला चार-पाच मिनिटे पुरतात. गुडघे धरलेल्या आजीलाही त्यामुळे राजसदर पाहता येते, ही गोष्ट लहान नव्हे.

तिथे उभे राहून नीट पाहा. वरचे पाळणे खाली येऊ लागतात त्याच क्षणी खालचे वर जाऊ लागतात. दोन्ही बाजू एकाच दोराला बांधलेल्या आहेत. आता थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी घेतो. समजा, रिकाम्या पाळण्याचे वजन ४०० किलोग्रॅम आणि आत बसलेल्या सहा जणांचे ३६० किलोग्रॅम. एकटा पाळणा वर न्यायचा तर ७६० किलोग्रॅम ४०० मीटर उंच चढवावे लागतील. हे काम पाच मिनिटांत करायचे, तर घर्षण सोडून सुमारे १३ अश्वशक्ती लागेल. पण दुसऱ्या टोकाला तसाच रिकामा पाळणा खाली येत असेल, तर ४०० ला ४०० कटले! उरले फक्त ३६० किलोग्रॅम. त्याला सुमारे साडेसहा अश्वशक्ती पुरते. विहिरीवर आपण साडेसातचा पंप लावतो, त्याहून कमीच.

आणि संध्याकाळी गड उतरणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा? तेव्हा खाली येणारे पाळणे भरलेले, वर जाणारे रिकामे. मग ओढण्याची गरजच उरत नाही. उलट यंत्राला मागे धरून ठेवण्याचे काम करावे लागते. लिफ्टमध्ये मोटरपेक्षा ब्रेक महत्त्वाचा, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना गंमत वाटते. पण या उदाहरणात ते उघड दिसते.

नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. तिथे पाळणा हवेत लोंबत नाही. डबे रुळांवरून चढतात आणि दोर त्यांना ओढतो. तत्त्व तेच. याच जातीची एक फार मजेदार गाडी स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर गावात १८९९ सालापासून आहे. तिला मोटरच नाही. वरच्या डब्याखालच्या टाकीत गावाचे सांडपाणी भरतात. तो डबा जड होऊन खाली निघतो, खालचा वर येतो आणि तळाशी पोचल्यावर टाकी रिकामी करतात. आपली मोट पाणी वर आणण्यासाठी होती, ही गाडी पाणी खाली सोडून माणसे वर आणते, एवढाच फरक! डब्यात थोडा वास येतो म्हणतात.

येथवर माणूस आरामात बसून होता. आता बर्फावर जाऊ. तिथे गोष्ट बदलते.

पायांना लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा खेळ तुम्ही चित्रांत पाहिला असेल. काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडमधील औली येथे तो शिकवतात. उतरायला दोन मिनिटे, पण पुन्हा वर चढायला अर्धा तास, अशी त्यात पंचाईत असते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातील शोलाख येथे रॉबर्ट विंटरहाल्डर नावाचा एक खाणावळवाला होता. पाहुण्यांचे हे हाल पाहून त्याने १९०८ साली आपल्या पाणचक्कीला एक लांब फिरता दोर जोडला. पाहुण्यांनी दोराला अडकायचे आणि उभ्याउभ्या घसरत वर जायचे. स्कीसाठी केलेली ही पहिली लिफ्ट मानतात.

उभ्याउभ्या, हा शब्द लक्षात ठेवा. खरी गोम तिथे आहे.

समजा तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे आणि बर्फाचा उतार २० अंशांचा आहे. उतरणीचा नियम तुम्ही शिकला असाल: उताराच्या दिशेने खाली खेचणारे बल म्हणजे वजन गुणिले त्या कोनाची ज्या. २० अंशांची ज्या सुमारे ०.३४. म्हणजे तुम्हांला वर सरकवण्यासाठी दोराला फक्त १४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. बर्फाचे घर्षण धरून फार तर १६ म्हणू. बाकीचा भार कोण घेतो? तुमच्या पायांखालचा बर्फ. दोर तुम्हांला उचलत नाही, नुसता ढकलतो किंवा ओढतो.

घरी पडताळून पाहा. वीट दोरीने बांधून ती रबराच्या पट्टीला लटकवा आणि पट्टी किती ताणते ते मोजा. मग फळी तिरकी लावून तीच वीट फळीवरून त्याच पट्टीने सावकाश वर ओढा. ताण कमी दिसेल. विटेखाली दोनचार गोल पेन्सिली ठेवल्या तर आणखी कमी.

आता टी-बार नावाची लिफ्ट पाहा. स्विस अभियंता एर्न्स्ट कॉन्स्टाम याने १९३४ साली दावोस येथे अशा प्रकारची लिफ्ट उभारली. आधी तिचा दांडा एकाच माणसासाठी, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा होता. पुढे दोघांसाठी उलट्या ‘टी’सारखा झाला. डोक्यावरून दोर फिरत असतो. त्याला स्प्रिंगच्या गुंडाळीवर चढवलेली दोरी आणि तिच्या टोकाला हा उलटा टी. दोघांनी मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना उभे राहायचे आणि आडवा दांडा मांड्यांच्या मागे, बसायच्या जागेच्या किंचित खाली घ्यायचा.

नवखा माणूस काय करतो? दांडा मागे लागला, की त्यावर बसतो! आपल्याला बाक दिसला की बसायची सवय. पण बसताच बर्फावरचे वजन दांड्यावर येते. १६ किलोग्रॅमसाठी मांडलेल्या स्प्रिंगवर एकदम ४० पडतात, दोरी सरसर उलगडते आणि स्वारी बर्फात बसते. म्हणून गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे, स्की सरळ वरच्या दिशेला ठेवायच्या आणि दांड्याला आपल्याला ढकलू द्यायचे. जोडीदार आपल्या उंचीचा निवडावा. नाहीतर दांडा एकाच्या गुडघ्यामागे आणि दुसऱ्याच्या कमरेत येतो. पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला व्हायचे, कारण मागून पुढची जोडी येतच असते. पडल्यावर हट्टाने लोंबकळत राहणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार. असाच, पण एकट्यासाठी, दोन पायांमध्ये घ्यायच्या गोल थाळीचाही एक प्रकार असतो. त्या थाळीवरही बसायचे नाही.

न्यूझीलंडमधील काही स्की-क्लबांनी तर साधा उघडा दोरच ठेवला आहे. तो वेगाने पळत असतो. कमरेला पट्टा आणि त्याला अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा असतो. आधी हातमोज्याने दोर हलका धरायचा आणि तो थोडा हातातून सरकू द्यायचा. मूठ हळूहळू आवळत आपला वेग दोराइतका करायचा आणि मगच चिमटा दोरावर मिटायचा. एकदम धरला तर खांदा निखळेल असा हिसका बसतो. वेग बदलायला जितका वेळ जास्त द्याल तितके बल कमी लागते, हा न्यूटनचा दुसरा नियम येथे खांद्याला कळतो. वाटेत दोर कप्प्यांवरून जातो, तिथे बोटे मुळीच जवळ न्यायची नाहीत.

चिलीतील पोर्तिलो येथला प्रकार याहून अचाट आहे. तेथील उतारावर हिमलोट कोसळतात. खांब उभारले तर वाहून जातील. म्हणून खांबच नाहीत. वर कड्यात दोर अडकवला आहे आणि चार-पाच जण एका ओळीत उभे राहून थाळ्या पायांमागे घेऊन झपाट्याने वर ओढले जातात. वर पोचताच दोर थांबतो आणि सगळी रांग मागे घसरू पाहते. तेवढ्यात ठरलेल्या क्रमाने, एकेकाने, न घाबरता बाहेर पडायचे. पहिल्याच खेपेला हे जमलेला माणूस मला भेटायला आवडेल.

खुर्चीची लिफ्ट मात्र तुमचे सगळे वजन उचलते. ती १९३६ साली अमेरिकेतील सन व्हॅलीत आली. जिम करन या अभियंत्याने जहाजावर केळीचे घड चढवणारी फिरती आकड्यांची यंत्रणा पाहिली होती. आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली. तिचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे पळणाऱ्या मुलाइतका. खुर्ची थांबत नाही. म्हणून खांद्यावरून मागे पाहत राहायचे, हाताने ती धरायची आणि गुडघ्यांमागे लागताच बसायचे. येथे उभे राहणे चूक!

गुलमर्गच्या गोंडोल्यात ही अडचण दुसऱ्या युक्तीने सोडवली आहे. स्थानकात शिरताच पाळण्याची पकड दोरावरून सुटते आणि तो मुंगीच्या चालीने सरकतो. चढून झाले, की पुन्हा पळत्या दोराला चिकटतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. शेवटचे स्थानक सुमारे ३९५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्केच असतो. पायी चढणाऱ्याला सवय व्हायला वेळ मिळतो. पाळण्यातून गेलेल्याला मिळत नाही. म्हणून वर पोचल्यावर धावू नये. डोके दुखू लागले तर पुढच्या पाळण्याने खाली यावे.

सायकलवाल्यांसाठीही एक लिफ्ट आहे बरे का! नॉर्वेतील ट्रॉन्हाइम शहरात यार्ले वानविक याने स्की-लिफ्टवरून कल्पना घेऊन १९९३ साली ती बसवली. रस्त्यातल्या खाचेतून एक छोटा पत्रा वर सरकतो. सायकलवर बसून उजवा पाय त्याच्यावर ताठ ठेवायचा, डावा पेडलवर. पाय वाकवलात तर पत्रा पुढे जातो आणि तुम्ही मागे राहता.

एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली. मोठ्या रज्जुमार्गांत बहुधा दोन दोर असतात: एक वजन पेलणारा, ज्यावरून पाळण्याची चाके धावतात, आणि दुसरा ओढणारा. ओढणारा तुटला, तर पाळण्यावरच्या ब्रेकने पेलणाऱ्या दोराला घट्ट पकडायचे असते. इटलीत मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी ओढणारा दोर तुटला. पण तो ब्रेक वारंवार उगाच लागत होता म्हणून मुद्दाम लोखंडी चिमटा घालून उघडा अडवून ठेवला होता. पाळणा मागे घसरत जाऊन कोसळला. आतल्या १५ जणांपैकी १४ गेले. एक लहान मुलगा वाचला. ब्रेक उगाच लागत असेल तर गाडी बंद ठेवून दुरुस्त करायची असते. प्रवाशांची रांग खोळंबते म्हणून ब्रेक गप्प करायचा नसतो. कधी तुम्हांला ‘तांत्रिक कारणाने बंद’ अशी पाटी दिसली, तर चिडू नका.

झारखंडमध्ये त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये पाळणे अधांतरी अडकले आणि हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली. असे झाले तर दार उघडायचे नाही आणि उतरायचा प्रयत्न करायचा नाही. शांत बसून राहायचे. पाळणा गंमत म्हणूनही हलवू नये. तो एक लंबकच आहे. झोपाळ्याला ठरावीक वेळी हलके झोके दिले तरी तो किती उंच जातो, हे तुम्ही नागपंचमीला पाहता. पाळण्याच्या बाबतीतही तेच घडते, फक्त तिथे बाजूला खांब असतो.

सहलीला रायगडावर गेलात तर हातात घड्याळ ठेवा. पाळणा निघाल्यापासून समोरून येणारा पाळणा शेजारून जाईपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा, आणि तिथून वर पोचायला किती लागले तेही. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतील. का येतील, ते वर पोचण्याआधी शेजारच्याला समजावून सांगता येते का पाहा.