विश्लेषण : मोरोक्कोला चार राजधान्या कशा? आणि त्या पाहायच्या कोणत्या क्रमाने?

मोरोक्कोच्या सहलीच्या जाहिरातींत ‘चार शाही शहरे’ हमखास असतात : माराकेश, रबात, मेकनेस आणि फेस. आठवडाभरात ती उरकताना तिसऱ्या दिवसापासून सगळे दरवाजे आणि बाजार सारखेच दिसू लागतात. कोणाची राजधानी कोणी मोडली हे आधी ठाऊक असेल, तर तसे होत नाही.

राजधानी सारखी का बदलली?

राजघराणे बदलले की बहुधा राजधानीही बदलायची. इद्रिसी घराण्याने आठव्या शतकाच्या अखेरीस फेस वसवले. सहाराकडून आलेल्या अल्मोराविदांनी ११व्या शतकात माराकेश उभारले. तेराव्या शतकात मरिनी पुन्हा फेसला गेले, सोळाव्यात सादी माराकेशला. पुढे अलावी सुलतान मुलाय इस्माईल (१६७२-१७२७) याने दोन्ही बाजूला ठेवून मेकनेस निवडले.

याचा पुरावा माराकेशमध्ये उभा आहे. सादी सुलतान अहमद अल मन्सूरने १५७८च्या विजयानंतर अल बदी हा राजवाडा बांधायला घेतला. इस्माईलने त्यातला संगमरवरासह मौल्यवान ऐवज उतरवून मेकनेसला नेला. आज तिथे उघड्या भिंती आणि करकोच्यांची घरटी आहेत. म्हणून आधी माराकेश, मग मेकनेस. वाटेत रबात आणि शेवटी फेस, हा क्रम रेल्वेमार्गालाही सोयीचा.

मग आजची राजधानी रबात का?

१९१२मध्ये फ्रेंच अंमल आला, त्याच वर्षी फेसमध्ये उठाव झाला. फ्रेंचांनी समुद्रकाठचे, अधिक सुरक्षित रबात निवडले. १९५६च्या स्वातंत्र्यानंतरही तेच कायम राहिले. पर्यटक ते वगळतात, ही चूकच. सुलतान याकूब अल मन्सूर ११९९मध्ये वारला आणि त्याच्या भव्य मशिदीचे काम थांबले. हसन मनोरा अर्धाच राहिला.

फेसला किती दिवस द्यावेत?

किमान दोन. जुन्या शहरात मोटारी नाहीत. माल गाढव-खेचरांवरून जातो. मागून ‘बालाक!’ ऐकू आले की भिंतीला चिकटायचे. चामडे कमावण्याच्या हौदांपाशी वासावर उतारा म्हणून हातात पुदिन्याची काडी देतात. ८५९मध्ये स्थापन झालेली अल करावियीन मशीद मात्र मुस्लिमेतरांना दारातूनच पाहावी लागते. शुक्रवारी बरीच दुकाने बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

भूकंपाने काय झाले?

८ सप्टेंबर २०२३च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात २,९०० हून अधिक लोक मरण पावले. माराकेशच्या जुन्या शहरात पडझड झाली, पण कुतुबिया मनोरा उभा राहिला आणि पर्यटक लवकरच परतले. बहुतेक बळी अॅटलास डोंगरातल्या खेड्यांतले होते. ज्या तिन्मेलमधून निघून अल्मोहादांनी ११४७मध्ये माराकेश जिंकले, तिथली बाराव्या शतकातली मशीदही ढासळली. डोंगरातल्या अनेक कुटुंबांनी पुढचा हिवाळा तंबूत काढला.